निमिषाचा हिशेब

ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर जे चालले आहेत त्यांना मुक्कामाच्या तळावरची समाजआरती वेगळी सांगायला नको. दिंड्या तळावर येऊन गोलाकार उभ्या राहिलेल्या असतात, टाळमृदंगाचा असा कल्लोळ चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये, आणि चोपदार चोप उंच करतात. टाळ थांबतात. एका दिंडीचे नव्हे, सगळ्या तळाचे. एखाद्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, आणि मग आरती होते. शिस्तीचा दृष्टांत म्हणून मी ही गोष्ट कीर्तनात कित्येक वर्षे सांगितली. ऐकणाऱ्यांना ती आवडायची, आणि खरे सांगायचे तर सांगणाऱ्यालाही.

चोप वर जाणे आणि टाळ थांबणे यांच्या मध्ये काही वेळ जातो आणि तो मोजता येतो, हे मात्र कधी मनात आले नव्हते. ते या चैत्रात आले, आणि तेही नातवाच्या मोबाइलमधल्या एका खेळामुळे.

खेळ अगदी साधा आहे. पडदा लाल असतो. वाट पाहायची. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच सेकंदांनी तो एकाएकी हिरवा होतो. झाला की बोट टेकवायचे. लगेच आकडा येतो, तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत, त्यांना मिलिसेकंद म्हणतात. हिरवा होण्याआधीच बोट टेकले तर यंत्र सांगते, घाई झाली, पुन्हा करा. बस, एवढेच. यात ना कोणी मरतो ना कोणी मारतो, म्हणून मला तो बरा वाटला.

नातवाचे आकडे २४० ते २६० च्या मध्ये येत होते. माझा पहिला आकडा ४९० आला, कारण काय करायचे तेच नीट समजले नव्हते. दहा-बारा वेळा झाल्यावर तो ३६० च्या आसपास स्थिरावला. "आजोबा, मोबाइलचा पडदाही त्यातला थोडा वेळ खातो, सगळा तुमचा नाही," असे त्याने माझ्या समाधानासाठी सांगितले. ते खरेही आहे. पण तोच मोबाइल त्याच्या वाटणीचा वेळही खात होता, तेव्हा आमच्यातले अंतर काही त्याने मिटत नाही.

मला लागलेली सवय अशी की आकडा हातात आला की तो ग्रंथात कुठे बसतो ते पाहायचे. भागवताच्या तृतीय स्कंधात, अकराव्या अध्यायात, काळाचे माप सांगितले आहे. तीन लवांचा एक निमेष, तीन निमेषांचा एक क्षण, पाच क्षणांची एक काष्ठा, पंधरा काष्ठांचे एक लघु, पंधरा लघूंची एक नाडिका आणि दोन नाडिकांचा एक मुहूर्त. दिवसरात्रीचे ३० मुहूर्त धरले तर नाडिका २४ मिनिटांची झाली. आता खाली उतरत या. लघु ९६ सेकंदांचे, काष्ठा ६.४ सेकंदांची, क्षण १.२८ सेकंदांचा, निमेष साधारण ०.४३ सेकंदाचा आणि लव ०.१४ सेकंदाचा. म्हणजे नातू दोन लवांच्या आत बोट टेकवतो, आणि मला जवळजवळ एक निमेष लागतो. निमेष म्हणजे डोळ्याची उघडझाप. हिशेब मांडल्यावर मला फार गंमत वाटली, कारण इतकी वर्षे आपण "निमिषार्धात" असे सहज बोलतो आणि नातू खरोखरच अर्ध्या निमेषाच्या थोडा पुढे उभा होता.

सगळे आपल्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. माप सांगणे वेगळे आणि माणसाचा हात त्या मापाने मोजणे वेगळे. ते दुसरे काम युरोपात झाले, आणि तेही फार जुने नाही. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून दाखवून दिले की शरीरातला निरोप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला तत्काळ पोहोचत नाही, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजता येतो. पुढे १८६८ मध्ये डाँडर्स या डच वैद्याने आणखी एक युक्ती केली. एकच खूण आणि एकच उत्तर असेल तर किती वेळ लागतो ते आधी मोजले. मग दोन खुणा ठेवल्या, या खुणेला हा हात, त्या खुणेला तो हात, आणि पुन्हा वेळ मोजला. दुसरा वेळ जास्त भरला. वजाबाकी केली. जे उरले तो निवड करण्याचा वेळ. संकल्पविकल्प करणारे मन आणि निश्चय करणारी बुद्धी यांवर मी पुष्कळ निरूपणे केली आहेत. पण या दोघांच्या कारभाराला किती वेळ लागतो हे कोणी घड्याळाने मोजले असेल, याची कल्पना नव्हती. डाँडर्सचे नाव नातवाने वाचून दाखवले तेव्हा मी त्याला ते दोनदा वाचायला लावले.

हे सगळे गमतीतच राहिले असते. पण त्याच सुमारास आमच्या गावच्या भजनात एक अवघड गोष्ट उभी होती.

आमच्यात एक ज्येष्ठ टाळकरी आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात, मीही म्हणतो. वय ७८. मी आळंदीला शिकायला गेलो त्याच्या आधीपासून ते गावच्या भजनात टाळ धरतात. माझ्या पहिल्या कीर्तनाला मागे नाना उभे होते. गेल्या वर्षभरात त्यांचा टाळ मागे पडू लागला. संथ चालीत कळत नसे, पण गजर चढला की एक टाळ सगळ्यांच्या पाठून येई, जसे पंगतीत सगळे उठले तरी एकजण जेवत राहावा. वीस-पंचवीस वर्षांची पोरे आता भजनात आहेत आणि ती चांगली तयार आहेत. त्यांना ते खुपू लागले. सप्ताह जवळ आला होता. मृदंग वाजवणारा पोरगा आणि आणखी दोघे माझ्याकडे आले. पाया पडले, आणि खाली मान घालून म्हणाले, "महाराज, नानांना तुम्हीच सांगा. मागे बसून नुसते म्हणा, टाळ नको. आमच्या तोंडून बरे दिसत नाही."

पोरांचे चुकत नव्हते. एक टाळ मागे पडला की शेजारचा गोंधळतो, मग त्याच्या शेजारचा, आणि चाल बसते. पण वारकऱ्याच्या गळ्यातला टाळ काढून घ्या म्हणणे म्हणजे काय, हे पोरांना अजून कळायचे आहे. मी म्हटले, आठ दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी नाना सहज घरी आले. नातवाने त्यांच्याही हातात तो मोबाइल दिला. नानांना खेळ आवडला. पाच-सहा वेळा त्यांनी हिरव्याच्या आधीच बोट टेकवले आणि यंत्राने त्यांना हटकले, तेव्हा ते मोठ्याने हसले. मग त्यांचा आकडा लागला तो ४१० च्या आसपास. कधी ३९०, कधी ४४०. पुढे मृदंगवाल्या पोरानेही खेळून पाहिले, त्याचा २३०. पोरे एकमेकांकडे बघू लागली. कोणी काही बोलले नाही, पण त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

मला मात्र हा निकाल पटेना. कारण माझा आकडा ३६०, आणि माझा टाळ मागे पडत नाही. कीर्तन थांबवून सहा वर्षे झाली, पण एकादशीच्या भजनात मी आजही टाळ धरतो. ३६० आणि ४१० यांत सेकंदाचा विसावा भाग. नानांचा टाळ तेवढ्याने मागे नव्हता, त्याहून पुष्कळ मागे होता. आणि मुळात, पोरांचा आकडा २३० असून त्यांचा टाळ तरी बरोबर कसा पडतो? गजर ऐन रंगात आला की सेकंदाला तीन ठोके सहज होतात. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्यापर्यंत ३३० मिलिसेकंद. त्यात २३० मिलिसेकंद उशीर झाला तर तो टाळ पहिल्या ठोक्याचा राहतच नाही, पुढच्याच्या दाराशी जातो. ठोका ऐकून मग टाळ मारायचा म्हटले तर जगातला अत्यंत चपळ माणूसही भजनाला बसायच्या लायकीचा नाही.

तेव्हा टाळकरी ठोका ऐकून टाळ मारतच नाही. ठोका पडायच्या आधीच त्याचा हात घरून निघालेला असतो. मागचे चार ठोके कानात असतात, त्यांवरून पाचवा कुठे पडणार हे शरीराला ठाऊक असते, आणि मृदंगाची थाप व टाळाची धार वाटेत भेटतात. अभ्यासकांनीही हे पाहिलेले आहे. एकसारख्या ठोक्यांबरोबर बोट टेकवायला सांगितले तर बहुतेकांचे बोट ठोक्याच्या किंचित आधी पडते, मागून नाही. आणि पडद्यावरचा खेळ नेमके हेच करू देत नाही. तिथे हिरवा कधी होणार हे मुद्दाम लपवलेले असते. आधी निघाला तो चुकला. धावण्याच्या मोठ्या शर्यतींतही बंदुकीच्या आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जो निघाला, तो आवाज ऐकून निघालाच नाही असे धरून त्याला दोषी ठरवतात. भजनात आधी निघणे हाच गुण आहे.

कीर्तनाला उभे राहणाऱ्यांना हे आतून माहीत असते. टाळकरी आपल्या मागे उभे असतात, त्यांना आपली पाठ दिसते. चाल उचलायला आपण हात वर करतो खरा, पण चांगला टाळकरी हाताची वाट बघत नाही. त्याच्या आधी खांदा हलतो, श्वास भरला जातो, चरणाचे शेवटचे अक्षर लांबते, आणि त्याला सगळे कळून चुकते. नाना असे टाळकरी होते. माझा हात निम्म्यावर असताना नानांचा टाळ लागलेला असायचा.

मग आता काय झाले होते? आठ दिवसांतले दोन दिवस मी भजनात काहीही न म्हणता नुसता त्यांच्याकडे बघत बसलो. एक गोष्ट दिसली, आणि दिसल्यावर ती आधी कशी दिसली नाही असे वाटावे इतकी ठळक होती. नाना पूर्वी डोळे मिटून टाळ वाजवत. आता त्यांचे डोळे उघडे होते. नुसते उघडे नव्हते, समोरच्या रांगेतल्या एका पोराच्या हातावर खिळलेले होते. पोराचा टाळ भिडला की नानांचा भिडे. म्हणजे नाना भजन ऐकतच नव्हते, पाहत होते. प्रत्येक ठोक्याला त्यांच्यापुढे तो लाल पडदा नव्याने हिरवा होत होता.

सगळ्यांबरोबर पडलेला टाळ डोळ्यांनी पाहून मग जो आपला टाळ मारील, त्याला निमेषभर उशीर ठरलेला. तिथे २३० वालाही मागे पडेल, फक्त थोडा कमी.

नानांचे कान गेले होते. पूर्ण नव्हे. म्हातारपणी बहिरेपण येते ते आधी वरच्या, बारीक, टोकदार आवाजांचे येते. खालचे, जड आवाज बरेच दिवस टिकतात. हे डॉक्टरही सांगतात आणि घरोघरी अनुभवही आहे, नातवंडांचे बारीक बोलणे आजोबांना कळत नाही आणि ट्रॅक्टर मात्र दोन शेतांवरून ऐकू येतो. टाळाचा नाद बारीक आणि वरचा. नानांची जागा रांगेच्या अगदी टोकाला, दोन्ही बाजूंना टाळच टाळ, आणि मृदंग सभामंडपाच्या पार दुसऱ्या अंगाला. जे ऐकू येईना तेच सभोवती, आणि जे ऐकू आले असते ते दूर. डावा कान जास्त गेलेला, आणि मृदंग नेमका डावीकडे. त्यांनी कोणाला सांगितले नाही. डोळ्यांवर काम भागवत राहिले.

मी पोरांना काही न सांगता एका दुपारी मृदंगवाल्याला आणि नानांना देवळात बोलावले. नानांना मृदंगाच्या धुमाच्या अंगाला, कणीक लावतात त्या तोंडाशी, हातभर अंतरावर बसवले आणि तोंड खांबाकडे करायला सांगितले, म्हणजे कोणाचा हात दिसायला नको. नाना म्हणाले, "बुवा, हे काय, आरोपीसारखं बसवलंत?" पोराला म्हटले, साधा भजनी ठेका धर. आठ मात्रांची पाच-सहा आवर्तने गेली आणि नानांचे डोळे आपोआप मिटले. टाळ असा चोख पडू लागला की पोरगा वाजवता वाजवता माझ्याकडे पाहू लागला. मी खुणेने लय वाढव म्हटले. त्याने वाढवली. नाना बरोबर चढले. एकदम थांब म्हटले, तो थांबला, आणि नानांचा एक टाळ जास्तीचा पडला. तो पडायलाच हवा होता, हात आधीच निघालेला होता ना. मी स्वतः टाळ धरून तसेच करून पाहिले, माझाही एक जास्तीचा पडला.

त्या दिवसापासून नाना रांगेच्या टोकाला नसतात, मृदंगाच्या डाव्या अंगाला असतात. सप्ताह पार पडला. गजर फारच चढला तर नानांचा हात थकतो, तेव्हा ते स्वतःच टाळ उतरवून टाळी धरतात. त्यात कोणाला काही वाटत नाही. दिंडीत कसे करायचे हा प्रश्न आहे. चालत्या दिंडीत आवाजालाही पोहोचायला वेळ लागतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर हा त्याचा वेग. मृदंगापासून ३४ मीटर पुढे चालणाऱ्याला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा मिळते. म्हणून आषाढीला नानांना मृदंगाला खेटूनच चालवायचे, असे पोरांनीच ठरवले आहे.

खेळातला आकडा खोटा होता असे मात्र कोणी समजू नये. तो जे मोजतो ते खरेच मोजतो. रस्त्यावर कुत्रे आडवे येते तेव्हा आधीचे चार ठोके कानात नसतात. तिथे तो लाल-हिरवा पडदाच असतो, आणि खेळाइतकी तयारीही नसते, त्यामुळे खेळापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागतो, पुरा सेकंद किंवा त्याहूनही अधिक. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. नानांच्या ४१० च्या आकड्याला तीच गाडी साडेचार मीटर पुढे गेलेली असते, ब्रेकला पाय लागायच्या आधी, आणि हा हिशेब फार उदार मनाने धरलेला आहे. त्यांच्या सूनबाईंना हा आकडा नातवाकडून कळला. त्यांनी त्याच संध्याकाळी स्कूटरची किल्ली कुठेतरी ठेवून दिली. नाना माझ्याकडे तक्रार घेऊन आले, मी काहीतरी बोलावे म्हणून. मी सूनबाईंच्या बाजूने बोललो. दोन दिवस ते माझ्याशी अबोला धरून होते. आता पोरे त्यांना भजनाला न्यायला येतात.

मृदंगवाल्या पोराने परवा विचारले, "महाराज, डोळे मिटून वाजवायचं नानांना शिकवलं कोणी?" शिकवले कोणीच नाही. पूर्वी देवळात एक कंदील असायचा, तो विण्याजवळ. रांगेच्या टोकाला अंधार. डोळे उघडे ठेवून तरी काय दिसणार होते?

एक अडचण मात्र नवीन निघाली आहे. धुमाची कणीक वाळली की थापेसरशी तिचे कण उडतात, आणि भजन संपेतो नानांच्या उजव्या बाहीवर पांढरे ठिपके पडलेले असतात. सूनबाई विचारतात, भजनाला जाता की पोळ्या लाटायला.